सिंहाचा मागचा पाय

गाडी बंद पडली की माणूस एकटा पडतो, असा ज्यांचा समज आहे त्यांनी एकदा सोलापुरात प्यूजो ३०९ बंद पाडून बघावी. मारुती बंद पडली तर मागचे लोक हॉर्न वाजवतात. प्यूजो बंद पडली तर मागचे लोक आपापल्या गाड्या कडेला लावून येतात. पहिला विचारतो, "कुठली हो ही?" दुसरा बोनेट उघडायच्या आधीच निदान करतो, "एअर धरली असंल." तिसरा म्हणतो, "डिझेल संपलं असंल की वो, काटा बघा आधी." चौथा तिसऱ्याला तेलुगूत काहीतरी सांगतो, त्यावर पाचवा कानडीत हसतो, आणि सहावा कुणाशी चकार शब्द न बोलता बोनेटखाली हात घालतो, एक वायर वर काढतो आणि विचारतो, "ही आधीपासनं अशीच होती का?"

गाडी आमच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. १९९६ साली त्यांनी ही डिझेलवरची ३०९ नवी घेतली. आरसी बुकात रंग पांढरा लिहिलाय; प्रत्यक्ष रंगाबद्दल अजून कुणी अधिकृत चौकशी केलेली नाही. दाजींचा फोन आला आणि आवाज जरा जास्तच प्रेमळ लागला की मी चपला घालायला घेतो. "मोकळा आहेस का? ढकलायची नाहीये रे. मागनं नुसता आधार द्यायचाय." या गाडीला असा आधार देत देत मी सात रस्त्यापासून तुळजापूर नाक्यापर्यंतच्या भागात बराच ओळखीचा झालोय.

"ही गाडी फ्रेंच ना?" असं दाजींना विचारणं धोक्याचं आहे, कारण त्याचं उत्तर करवतीपासून सुरू होतं. प्यूजो घराणं मूळचं लोखंडकामातलं. करवतीची पाती, कॉफी दळायची यंत्रं, मिरी दळायची यंत्रं, सायकली असं करत करत ते मोटारींपर्यंत पोचले. बोनेटवरचा सिंह मुळात मोटारीसाठी नव्हताच. १८५८ मध्ये त्यांनी नोंदवलेलं ते करवतीच्या पात्याचं चिन्ह. सिंहासारखे मजबूत दात, सिंहाच्या कण्यासारखं लवचीक पातं आणि सिंहाच्या झेपेसारखा झटपट काप, असं त्यातून सुचवायचं होतं. "यातलं मजबूत आणि झटपट ते करवतीतच राहिलं," असं ताईचं मत आहे. "लवचीक तेवढं आपल्या वाट्याला आलं."

ते खरं आहे. जुन्या फ्रेंच गाडीत बसल्यावर रस्त्याचे खड्डे कळतात, पण लागत नाहीत. शहरातल्या रस्त्यांवर हा गुण किती मोलाचा आहे ते सोलापूरकरांना सांगायला नको.

करवतीवरून दाजी कुळाकडे वळतात. ३०९ ही फ्रेंच कंपनीची गाडी, पण तिची आखणी झाली इंग्लंडात, कॉव्हेन्ट्रीत. आणि तीही टॅलबो या नावानं विकायची म्हणून. ऐन वेळी टॅलबो हे नावच मोटारींवरून उतरवायचं ठरलं आणि १९८५ मध्ये ही बारशाला आली ती प्यूजो आडनाव लावून. दारं २०५ या धाकट्या गाडीची घातली होती. क्रमानं पाहिलं तर ३०५ नंतर ३०६ यायला हवी. पण तो आकडा पुढच्या खऱ्या वारसासाठी राखून ठेवला आणि हिला ३०९ वर बसवलं, असं सांगतात. ३०६ आली थेट १९९३ मध्ये. म्हणजे थोरलीचा नंबर मोठा आणि धाकटीचा लहान. मधल्या शून्याबद्दल मात्र घराणं फार कडक. पोर्शेनं साठच्या दशकात ९०१ नावाची गाडी काढली तेव्हा प्यूजोनं हरकत घेतली आणि पोर्शेला मुकाट ९११ करावं लागलं. ही गोष्ट दाजी अशा थाटात सांगतात की हरकतीच्या कागदावर त्यांचीही सही असावी असं वाटतं.

यानंतर खरा मुद्दा येतो. आपल्याकडे ही गाडी तयार झाली कल्याणला. १९९४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि प्यूजो यांच्या भागीदारीतल्या पाल-प्यूजो कंपनीनं ती बाजारात आणली. ही प्रीमियर म्हणजे पद्मिनीवाली, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाली. ती १९४४ मध्ये काढली शेठ वालचंद हिराचंद यांनी. आणि वालचंदशेठ जन्मले कुठं? इथं दाजी थांबतात. समोरच्यानं उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते. उत्तर सगळ्यांना पाठ असतं तरी कुणी ते देत नाही, कारण दाजींनाच ते द्यायचं असतं. "सोलापुरात! १८८२ साली! आणि त्याच साली प्यूजोनं पहिली सायकल काढली!" हा निव्वळ योगायोग आहे. पण दाजींना तसं सांगायचं तर नंतर ताईकडे जेवायला जायचं नाही, एवढी तयारी लागते.

वालचंदशेठ हा माणूसच अजब होता. भोर घाटात बोगदे खोदले, सिंदिया कंपनीतर्फे इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जहाजं हाकली, बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला, माळरानावर साखर कारखाना काढून वालचंदनगर वसवलं आणि मग मोटारी केल्या. जमीन, पाणी, आकाश यांतलं काही सोडलं नाही. त्यामुळे ३०९ सोलापुरात परकी नाही, ती आजोबांच्या गावी राहायला आलेली नात आहे, असं दाजींचं म्हणणं. अशोक चौकात वालचंदशेठांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याच्या आसपास गाडी बंद पडली की दाजी मुळीच चिडत नाहीत. नात आजोबांच्या दारात रेंगाळली तर तिला काय म्हणणार? कॉलेज सुटायची वेळ असेल तर मुलं धावत येतात. त्यात एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे: धक्का मारायला सिव्हिलची मुलं घ्यावीत. मेकॅनिकलची मुलं आधी कारणावर चर्चा करतात.

नातीचं बालपण मात्र खडतर गेलं. कारखान्यात संप झाले, भागीदारांचं पटेना, आणि १९९७ मध्ये फ्रेंच मंडळी हात झटकून मायदेशी गेली. दाजींची गाडी तेव्हा इतकी नवी होती की सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. लोक सांत्वनाला येऊन गेले. एका शेजाऱ्यानं "आता काय करणार?" असं हळू आवाजात विचारलं आणि उत्तराआधीच चहा संपवला. त्यानंतर या फ्रेंच समूहाचं भारताकडे लक्ष गेलं ते मध्येच कधीतरी: २०१७ मध्ये त्यांनी ॲम्बॅसिडर हे नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. नुसतं नाव! दाजींनी त्या संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कडेलाच हिशेब मांडला की एवढ्या पैशांत मागचा ॲक्सल किती वेळा होईल. पुढं २०२१ मध्ये ते सिट्रोएनच्या नावानं परत आले. त्या नव्या गाड्या दाजी रस्त्यात दिसल्या की थांबून बघतात, पण ओळख दाखवत नाहीत.

कंपनी गेली, गाडी राहिली. आता अशा गाडीचा सांभाळ कसा करायचा? याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, कारण ते पुस्तक गाडीबरोबरच छापायचं बंद झालं. उत्तर एकच: गाडीचे नातेवाईक शोधायचे.

पहिली नातेवाईक म्हणजे झेन डिझेल. प्यूजोचं हे १५२७ सीसीचं डिझेल इंजिन पुढं मारुतीनं झेन आणि एस्टीमसाठी घेतलं. त्यामुळे इंजिनाच्या पोटातलं बरंचसं सामान जुळतं. बाहेरचे पाइप, ब्रॅकेट, माउंटिंग जुळत नाहीत. म्हणजे रक्ताचं नातं पक्कं, वरवरचं जाणं-येणं नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात जायची म्हणूनच एक रीत आहे. काउंटरवर प्यूजो हा शब्द काढायचा नाही. काढला की दुकानदार तुमच्याकडे न बघता मागच्या गिऱ्हाइकाला "बोला" म्हणतो. "झेन डिझेलचा टायमिंग बेल्ट द्या" म्हणायचं, बेल्ट घ्यायचा, दात मोजायचे, पैसे द्यायचे आणि निघायचं. दात मोजताना दुकानदाराला संशय येतो, तेव्हा "सवय आहे" असं सांगायचं. या बेल्टच्या बाबतीत काटकसर चालत नाही. तो धावत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची गाठ पडते, आणि त्या भेटीचा खर्च मालकाला येतो.

अडचण अशी की आता झेन डिझेलही रस्त्यावर दिसेनाशी झालीय. चुलत भावंडंच म्हातारी झाल्यावर आधार कुणाचा घ्यायचा? मग आठवतं कुर्ला. कुर्ल्याला प्रीमियरचा पहिला कारखाना होता. स्वातंत्र्याच्या साली तिथून ट्रक बाहेर पडायला लागले. त्याच कुर्ल्यात सीएसटी रोडला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार भरलेला असतो. जिथं कंपनीचा जन्म, तिथंच अवयवदान. दाजी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघतात, दिवसभर कुर्ल्याचं भंगार उपसतात आणि रात्री त्याच गाडीनं परततात. जाताना पिशवीत ताईनं दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी, येताना चादरीत गुंडाळलेला शॉकअप. सोलापुरी चादर मजबूत असते हे ऐकून होतो. तिच्यातून अख्खा स्टिअरिंग रॅक मुंबईहून सोलापूरपर्यंत बर्थवर झोपून येऊ शकतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टीसीनं विचारलं तर दाजी खालच्या आवाजात "वयस्कर आहेत" म्हणतात.

आता मिस्त्री. विजापूर रोडला आडव्या बोळात त्याचं गॅरेज आहे. या मिस्त्रीकडे प्यूजोचं काम आहे असं म्हणणं चूक; प्यूजोच मुळात त्याच्याकडे आहे, मधूनमधून ती दाजींकडे येते. त्याच्याकडे घड्याळ नाही, पंचांग आहे. जानेवारीत गाडी नेली तर "गड्ड्याची जत्रा होऊ द्या मालक." मार्चमध्ये नेली तर "उन्हाळ्यात एसीच्या गाड्या लई असतात." आषाढीच्या आधी नेली तर "वारीच्या गाड्या निघू द्या." भाद्रपदात गणपती, अश्विनात तुळजापूरला चालत जाणारी पोरं सुट्टीवर. अधिक महिना आला की दाजी खूष असतात, कारण त्या महिन्यात सबबी कमी असतात.

पण एकदा हात लावला की तो नुसता मिस्त्री राहत नाही. कान दरवाज्याला लावून, डोळे मिटून तो म्हणतो, "तिसऱ्या नंबरचं नोझल." मग पोराला हाक, "तेराचा पाना दे बे! तेराचा म्हन्लं, सतराचा काय देतूस?" आणि खरंच तिसऱ्या नंबरचं नोझल निघतं. त्याच्याकडे दोन औषधं आहेत. पहिलं "साफ करू", दुसरं "डायरेक्ट करू". साफ करून जमलं तर उत्तम. नाही जमलं तर मधला जो नाजूक, फ्रेंच, विचार करणारा भाग असेल तो काढून टाकायचा आणि वायरीला वायर जोडायची. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की रेडिएटरचा पंखा सुरू करायचा थर्मो स्विच विचार करत बसे. मिस्त्रीनं पंखा डायरेक्ट केला आणि डॅशबोर्डवर घरात दिव्याला असतं तसं एक बटण बसवलं. पंख्याला संगत म्हणून हीटर प्लगचं बटण आलं. मग हॉर्नचं. चौथं बटण कशाचं आहे ते कुणालाच माहीत नाही. दाजींनाही नाही, मिस्त्रीलाही नाही. पण ते बंद केलं की मिस्त्री ओरडतो.

पंक्चरवाला हे स्वतंत्र प्रकरण. मारुतीच्या चाकाला कसं असतं, हबवर बोल्ट आधीच रोवलेले असतात; त्यावर चाक अडकवायचं आणि वरून नट आवळायचे. प्यूजोला नट नाहीत. सुटे बोल्ट असतात, ते चाकातून आरपार हबमध्ये फिरवायचे. म्हणजे एका हातानं जड चाक अधांतरी धरायचं, भोकासमोर भोक आणायचं आणि दुसऱ्या हातानं बोल्ट लावायचा. एकदा रात्री मोहोळच्या अलीकडे पंक्चर झाली. पंक्चरवाल्यानं बोल्ट काढले, हबकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तुमचे स्टड चोरीला गेलेत." दाजींनी त्याला करवतीपासून सांगायला घेतलं. मी ट्रकच्या उजेडात चाक पोटावर तोलून उभा होतो. १८५८ पर्यंत ठीक होतं. पोर्शे आली तेव्हा हात थरथरायला लागले.

हे सगळं पुढच्या अंगाचं. सिंहाचं खरं दुखणं मागच्या पायात.

या गाडीला मागं स्प्रिंग नाहीत. आडवा एक नळकांड्याचा ॲक्सल, त्याला समांतर दोन आडव्या पोलादी कांबी. चाक वर गेलं की कांब पिळते, तिलाच टॉर्शन बार म्हणतात. चाकांचे हात ज्या शाफ्टवर झुलतात तिथं बारीक सुयांच्या आकाराचे निडल बेअरिंग. रचना बेतशीर आणि सुंदर. डिक्कीत जागा भरपूर आणि चाल मऊ. पण वय झालं, सील गेलं, ग्रीस वाळलं, धूळ शिरली, एखादा पाऊस आत गेला, की त्या सुयांचं पीठ होतं आणि शाफ्टवर चरे पडतात. मग मागची चाकं वरून आत झुकायला लागतात. मागून पाहिलं तर सिंह गुडघ्यात अधू झालाय हे शाळेतल्या पोरालाही दिसतं. टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो आणि प्रत्येक गतिरोधकावर असा कण्हण्याचा आवाज येतो की रस्त्यावरचे लोक दाजींकडे रागानं बघतात.

यावर जगभर एकच उपाय: नवा ॲक्सल. तो जगभर मिळत असेल, सोलापुरात नाही. मिस्त्रीनं ॲक्सल खाली उतरवला आणि दाजींना म्हणाला, "माझं काम संपलं. आता लेथवाल्याकडं जा." दाजींनी ॲक्सल ॲपे रिक्षात घातला आणि आम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो.

इथं सोलापूरबद्दल चार शब्द बोलणं भाग आहे. हे गाव मागांचं. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली. ती पुढं जुनी मिल झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. गिरण्या बंद पडल्या, पण माग बंद पडला नाही. तो पॉवरलूम होऊन घराघरांत, पत्र्याच्या शेडमध्ये गेला. टॉवेल आणि चादरी विणणारे हे माग कुठून कुठून जुने आणलेले, मूळ बनवणाऱ्याचा पत्ता नसलेले. त्यांचा एखादा गिअर गेला, एखादा कॅम झिजला तर कंपनीला पत्र लिहून चालत नाही. संध्याकाळपर्यंत माग चालू व्हायला हवा, नाहीतर पगार निघत नाही. त्यामुळे या गावात लेथवाले तयार झाले. हातात झिजलेला तुकडा ठेवला की पूर्वी तो किती जाडीचा होता हे ते सांगतात. दाजींचे वडील मिलमध्ये जॉबर होते. मशीन बिघडतं, मरत नाही, हे त्या घरात बाळकडूबरोबर दिलेलं. गाडी विकायचा विषय निघाला की दाजी का गप्प होतात याचं कारण फ्रान्समध्ये नाही, ते मिलच्या भोंग्यात आहे.

लेथवाल्या अण्णांनी शाफ्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर केला, अंगठ्यानं चरे चाचपले. "कुठल्या लूमचा?"

"गाडीचा आहे, अण्णा."

"असंल. पर कुठल्या लूमचा?"

दाजींनी मग फ्रान्स, कॉव्हेन्ट्री, कल्याण सगळं वगळलं आणि फक्त वालचंदशेठांचं नाव घेतलं. अण्णांनी मान डोलावली. "मग आपलाच की." त्यांनी त्याच दिवशी चांगल्या पोलादाचा रॉड कापला, मापात उतरवला, कडक करायला पाठवला, आणि "बेअरिंग बाजारातनं आणा, सुई बेअरिंगला जात नसते, माप असतंय," असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. नवीन ॲक्सलच्या मानानं जो खर्च आला तो ऐकून ताईला आधी संशय आला की दाजींनी मधले काही पैसे कुठं तरी लपवले.

पण टॉर्शन बारला दोन्ही टोकांना दाते असतात, आणि दोन टोकांच्या दात्यांची संख्या वेगळी असते. त्यावरच गाडीची उंची ठरते. काढताना खूण करून काढायचं असतं. मिस्त्रीच्या पोरानं खूण केली होती, खडूनं. मधल्या काळात कुणीतरी ॲक्सल स्वच्छ धुऊन ठेवला. जोडून गाडी खाली सोडली तर डावी बाजू जमिनीला टेकायला आलेली आणि उजवी अशी उंच, की त्या पायावर सिंह नक्की काय करायच्या बेतात आहे असा प्रश्न पडावा. मिस्त्री लांबून बघत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "उजवीकडं माणसं बसवा." दाजींनी पुन्हा सगळं खोलायला लावलं.

गाडी यंत्र म्हणून सुधारली तरी कागद म्हणून म्हातारीच राहते. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. पूर्वी कारला ६०० रुपये पडत, एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १० हजार. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा, नवी नंबरप्लेट. दाजींची खरी धास्ती मात्र वेगळी. परदेशातून आणलेल्या जुन्या कारसाठी हेच शुल्क ८० हजार आहे. त्यामुळे लग्नकार्यात ही गाडी फ्रेंच असते, लेथवाल्याकडे सोलापूरची असते आणि सरकारी खिडकीपाशी गेली की कडवी कल्याणकर होते. आरसीवरचं पाल हे नाव दाजींनी बोटानं इतक्या वेळा दाखवलंय की ते जरा पुसट झालंय. विम्याच्या पोर्टलवर कंपन्यांच्या यादीत ही कंपनी सापडत नाही. "इतर" या सदरात ती सापडते. गाडीची किंमत म्हणून जो आकडा येतो तो पाहून दाजींना वाईट वाटतं आणि ताईला बरं वाटतं, कारण हप्ता कमी येतो.

यात सोलापूरकरांचा आवडता प्रश्न राहिला: "किती देते?" याला दाजी "घेण्याच्या मानानं चांगलं देते" असं उत्तर देतात. ते अगदीच खोटं नाही. रिकाम्या हायवेला, टेंभुर्णीच्या पुढं, पाचव्या गिअरला ती ज्या समाधानानं डिझेल पिते त्यात आजच्या एखाद्या गाडीनंही लाजावं. रिकामा हायवे मिळेपर्यंत जे पिते त्याचा हिशेब ताईकडे आहे. ताईची वही हा गाडीचा खरा इतिहास. त्यात दूध, पेपर, गॅस यांच्या खाली "ती" असा एक रकाना आहे. एकदा मी विचारलं, "ताई, तुला कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "येतो ना. पण सासऱ्यांना शेवटी दवाखान्यात हिच्यातनंच नेलं होतं, आणि दोन्ही पोरींना घरी आणलं तेही हिच्यातनंच. ते जाऊ दे. हे घरात बसले तर मला काय काय दुरुस्त करून देतील याची मला जास्त भीती वाटते." म्हणजे गाडी हे दाजींना घराबाहेर ठेवायचं ताईनं केलेलं उत्तम नियोजन आहे. दाजींनी एकदा मिक्सर उघडला होता. आता त्यात पंख्याचं बटण आहे.

तरीही सुट्या भागांची चिंता होतीच. बाहेरची काच फुटली, मागचा दिवा फुटला तर लेथवर काच बनत नाही. म्हणून गेल्या वर्षी मिस्त्रीनंच सुचवलं, "मालक, एक आख्खीच मिळाली तर बघू. उभी करू गॅरेजच्या मागं, लागंल तसं काढून घेऊ." दाजींना पटलं. पंढरपूरच्या पलीकडे एका मळ्यात चिंचेखाली कैक वर्षं उभी असलेली ३०९ असल्याचं कळलं. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मालकानं किंमत सांगितली ती कोंबड्यांसकट. दाजींनी कोंबड्या वजा करून सौदा ठरवला आणि टोचन लावून ती सोलापूरला आणली.

गॅरेजमध्ये मिस्त्रीनं बोनेट उघडलं, पिसं झटकली, नवी बॅटरी लावली, डिझेलची एअर काढली आणि सहज म्हणून चावी फिरवली. ती चालू झाली. नुसती चालू झाली नाही. थर्मो स्विचसकट चालू झाली. पंखा स्वतःच्या मनानं फिरायला लागला. मागचा ॲक्सल सरळ, चाकं ताठ, डॅशबोर्डवर एकही बटण नाही. गॅरेजमधली पोरं हातातले पाने ठेवून गोल उभी राहिली. मिस्त्रीनं दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, फडक्यानं हात पुसले आणि अत्यंत जपून म्हणाला, "मालक, भाग काढायचेच झाले तर... तुमच्या गाडीचे काढू का?"

दाजींनी उत्तर दिलं नाही. ते आधी एका गाडीत बसले, मग दुसरीत. संध्याकाळी त्यांनी ताईला फोन केला आणि सांगितलं की सामानाला हात लावणं जिवावर येतंय, दोन्ही ठेवाव्यात म्हणतो. ताईनं पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला. रकान्याचं नाव आता "त्या" झालंय.

अर्थात दोन गाड्या म्हटल्यावर सुट्या भागांची गरजही दुप्पट झाली. बार्शीकडे एक ३०९ आहे म्हणतात. उद्या सकाळी दाजी तिकडे निघालेत. ढकलायची नाहीये, मला नुसतं सोबतीला यायचंय.